वहिनीचा आवाज कोणत्या खणात

माझ्या दादाचं आणि वहिनीचं सासर-माहेरावरून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. उशीवरच्या ओल्या टॉवेलवरूनही नाही. ते दोघं भांडतात ते ब्लॅक मेटल कुठे संपतं आणि डेथ मेटल कुठे सुरू होतं यावरून.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही, कारण लांबून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. दोन्हींत गिटार कर्कश, ड्रम पिसाटलेले आणि गाणारा माणूस रूढ अर्थाने गात नाही. आमच्या आईच्या मते तर दोन्हींचं नाव एकच, "ते बंद करा". पण कान थोडा सरावला की फरक कळतो. डेथ जड असतं, खालच्या पट्टीतलं असतं, आणि त्यातला आवाज पोटातून येतो, रिकाम्या पाण्याच्या टाकीत तोंड घालून कुणी गुरगुरावं तसा. ब्लॅक पातळ आणि थंड असतं. पत्र्याच्या छपरावरून वारा ओढत न्यावा तशी त्याची गिटार, आणि आवाज म्हणजे उभी किंचाळी.

दादा गिटार वाजवतो. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी भिंतीपलीकडून गोड बोलतो. वहिनी गाते, म्हणजे गुरगुरते. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ड्रमवर दादाचा बालमित्र असतो. तो सुतार आहे आणि सगळे त्याला सुतारच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. सराव त्याच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत होतो, त्यामुळे ड्रमवर पहिली काठी पडली की भुश्याचा एक छोटा ढग उठतो. पूर्वी बास गिटार वाजवणाराही एकजण होता. तो नोकरीसाठी दुसरीकडे गेला, आणि तो गेल्याचं आमच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

घोडं अडलं ते एका फोनवर. शहरात अशा संगीताचा मेळा भरायचा होता आणि त्यात या तिघांची निवड झाली होती. मेळ्याला शेजारी शेजारी दोन हॉल, एक ब्लॅकवाल्यांचा, एक डेथवाल्यांचा. फोन स्पीकरवर होता. आयोजकाने साधा प्रश्न विचारला, "तुम्हाला कुठे टाकू?"

"ब्लॅक," दादा म्हणाला.

"डेथ," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली.

आयोजकाला बहुधा सवय असावी. तो म्हणाला, "घरात ठरवा आणि महिनाअखेरीला कळवा."

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. पदवी मिळाल्यावर मला बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि ती त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. त्यामुळे पुढचे कित्येक दिवस जेवताना मला मीठ मागायलाही फट मिळाली नाही.

"तुझी गिटार ब्लॅक आहे हे मला मान्य आहे," वहिनी म्हणायची. "पण गाणं म्हणजे नुसती गिटार नाही ना. वर कोण गातंय ते बघ."

"वर कोण गातंय ते वरचं झालं. घर पायावरून ओळखायचं की रंगावरून?"

"मी रंग का? बरं. आजपासून रंग भांडी घासणार नाही."

हे असं हसतखेळत चाललं होतं. मग एके दिवशी दादा, ताटाकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असा बोलला, "कावळा सध्या मोकळा आहे म्हणे."

वहिनीचा चमचा वाटीतच थांबला.

कावळा म्हणजे गावातला नावाजलेला किंचाळणारा. त्याचा बँड नुकताच फुटला होता. आणि वहिनीला किंचाळता येत नाही. तिने एकदा प्रयत्न केला होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचा आवाज असा गेला की दुकानात ती गिऱ्हाइकांना बोटांनी विचारत होती, हे स्पष्ट दिसतं की ते. तिचा गळा खालचाच. म्हणजे बँड ब्लॅक ठरला तर त्याला कावळा हवा, आणि डेथ ठरला तर वहिनी. भांडण कशावरून आहे हे त्या क्षणी जेवायला बसलेल्या आम्हा तिघांनाही कळलं. पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. वहिनीने चमचा उचलला आणि म्हणाली, "ब्लॅकमध्ये इतका ठोक ड्रम नसतो." बोलणं पुन्हा प्रकारांवर गेलं.

त्या रात्री भांडी विसळताना ती मला म्हणाली, "वन्सं, तुमचा तो चाळणीचा उद्योग आमच्यावर करा ना एकदा."

मला ती एरवी नावाने हाक मारते. वन्सं म्हटलं की एक तर चेष्टा असते, नाही तर गरज. या वेळी कोणतं ते मला ओळखता आलं नाही.

"माझा उद्योग म्हणजे गव्हातून रानटी ओट वेगळा काढणं," मी म्हणाले.

"तेच. आमच्यातलं गहू कोण आणि ओट कोण, ते सांग."

आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत आहे. एकच नमुना दोन वेगळ्या माणसांना देतात, बियाणं कुणाचं ते सांगत नाहीत आणि एकाचा निकाल दुसऱ्याला दिसू देत नाहीत. माणूस आधी नाव वाचतो आणि मग त्याला तेच दिसायला लागतं, म्हणून ही खबरदारी. मला वाटलं, इथे हेच करावं. मी बरीच गाणी जमवली, त्यातले छोटे छोटे तुकडे कापले आणि सगळे एकमेकांत मिसळले. काही तुकडे परक्या बँडचे होते, काही यांचे स्वतःचे. यांच्यातही मला एक सोय सापडली. वहिनीला दुकानातून यायला उशीर झाला की दादा आणि सुतार दोघंच वाजवत बसायचे आणि दादा ते मोबाइलवर घेऊन ठेवायचा. म्हणजे एकच गाणं मला वहिनीच्या आवाजासकट मिळालं आणि तिच्याविनाही.

रविवारी दुपारी आम्ही कारखान्यात जमलो. मी तिघांना तीन भिंतींकडे तोंड करून बसवलं. सुताराने प्रत्येकाला लाकडाचे दोन तुकडे दिले, एक काळसर, एक फिकट. ब्लॅक वाटलं तर काळसर वर करायचा, डेथ वाटलं तर फिकट.

"स्वतःचं गाणं ओळखू आलं तर?" दादाने विचारलं.

"येऊ दे. तुझा बँड ओळखायला मी सांगितलेलंच नाही. काय वाटतं तेवढंच सांग. विचार करायचा नाही."

"ती अट याला सोपी जाईल," वहिनी भिंतीला म्हणाली.

सुरुवातीपासूनच गोंधळ उडाला. परक्या बँडच्या गाण्यांवर दादाचा काळसर तुकडा वर गेला की वहिनीचा फिकट वर जायचा. ज्या तुकड्यावर दोघांचं जमेल तिथे सुतार दोन्ही हात वर करायचा आणि म्हणायचा, "पन्नास-पन्नास." मी त्याला दोनदा तंबी दिली. तो म्हणाला, "लाकडात असं नसतं हो ताई. सागवान ते सागवान."

आणि मग एक तुकडा लागला. पातळ, लांबच लांब, जराही न हलणारा एक करवतीसारखा सूर, मध्येच चिरत वर जाणारा. तीनही काळसर तुकडे एकदम वर गेले.

मी थक्क झाले. नियम मोडून विचारलं, "एवढी खात्री कशी?"

"ही धार ऐक," दादा भारावून म्हणाला. "हे खरं ब्लॅक. वाजवणाऱ्याने सगळा अहंकार सोडलाय."

"याच्याशी पहिल्यांदाच सहमत आहे," वहिनी म्हणाली. "थंड आहे. आत माणूसच नाही असं वाटतं."

"ड्रम घेतलेले नाहीत," सुतार मान हलवत म्हणाला, "पण धाडस आहे. कुठला बँड?"

मी मोबाइलवर बघितलं. मग पुन्हा बघितलं. तो तुकडा मी दादाच्या रेकॉर्डिंगमधून कापला होता, पण गाणं सुरू होण्याच्या आधीच्या भागातून. दादाने बटण आधी दाबलं होतं आणि तेव्हा सुतार हातातली फळी संपवत होता.

"रंधा मशीन," मी म्हणाले. "हे शेजारच्या खोलीतलं."

तीनही काळसर तुकडे हळूहळू खाली आले.

"माझं मशीन?" सुतार म्हणाला. "मला कसं ओळखू येईल? ते चालू असताना मी कानात बोळे घालतो." मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वाईट नाही वाजत."

वहिनी आधी हसली. ती हसते तेव्हाही खालच्या पट्टीत हसते, पोटातून. मग दादाला राहवलं नाही, आणि शेवटी आम्ही चौघंही भुश्यात बसून डोळे पुसत होतो. दादा पुनःपुन्हा म्हणत होता, "अहंकार सोडलाय म्हणालो मी. मशीनबद्दल."

हसू ओसरल्यावर वहिनीने कपाळावरचा भुसा झटकला आणि विचारलं, "ठीक आहे. आणि बाकीचं?"

मला इथेच परीक्षा गुंडाळून टाकता आली असती. रंधा मशीनने आमची सगळ्यांचीच अब्रू घालवली होती आणि त्यावर कुणी हरकत घेतली नसती. पण जे दिसलं ते दिसलं होतं.

"तुमच्या गाण्यांचे जे तुकडे वहिनीशिवायचे होते," मी म्हणाले, "ते दादाला ब्लॅक वाटले. तिलासुद्धा. तीच गाणी तिच्या आवाजासकट लावली तेव्हा दादाला आणि तिला, दोघांनाही डेथ वाटली."

"म्हणजे?" सुताराने विचारलं.

"म्हणजे अडचण मी आहे," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला नंबर वाढल्याचं सांगावं तशी ती बोलली.

दादा म्हणाला, "असं कोण म्हणतंय?"

"कुणीच म्हणत नाहीये. म्हणून तर एवढे दिवस लागले." ती उठली. "त्या कावळ्याचा नंबर दे."

"कशाला?"

"पुढच्या रविवारी बोलावते त्याला. तू तर 'मोकळा आहे म्हणे' याच्या पुढे जाणार नाहीस. एकदाच दोघांना ऐक आणि काय ते सांग. दुकानातसुद्धा मी नुसतं बोलून चष्मा देत नाही, दोन्ही काचा लावून दाखवते."

तो आठवडा आमच्याकडे जेवताना शांतता होती. मला मीठ मागता आलं, पण त्यात काही मजा नव्हती. वहिनी दुकानातून वेळेवर येत होती आणि रोज न्हाणीघरात दार लावून गळा साफ करत होती. दादा सोफ्यावर बसून तारा नसलेली गिटार पुसत होता. एकदा मी त्याला विचारलं, "तुला खरंच कावळा हवाय का?"

"मला काय हवंय हा प्रश्नच नाहीये," तो म्हणाला. "गाणी कशी आहेत हा प्रश्न आहे. गाणी जशी आहेत तसा आवाज पाहिजे. लिफ्टला जिन्याचा कठडा लावून चालत नाही."

"आणि गाणी कशी आहेत?"

"ब्लॅक. तूच सिद्ध केलंस की."

माझीच मोजणी माझ्या वहिनीच्या मुळावर आली होती आणि तिच्यात मला कुठे चूकही काढता येत नव्हती.

रविवारी कावळा आला. मी काळ्या कपड्यांतला, रंगवलेल्या तोंडाचा कुणी येईल अशा कल्पनेत होते. आला तो इस्त्रीच्या शर्टातला एक हडकुळा तरुण. तो तक्रारी ऐकण्याच्या फोन-केंद्रात काम करतो. चपला दाराबाहेर काढू का, असं त्याने दोनदा विचारलं. वहिनीला ताई म्हणाला आणि भुश्याने शिंक आली तर क्षमस्व, असंही आधीच सांगून ठेवलं.

"शब्द पाठ आहेत का?" वहिनीने विचारलं.

"हो ताई. तुमच्या गाण्यांचा मी चाहता आहे."

हे ऐकून वहिनीची पंचाईत झाली. शत्रू असा गोड निघाला तर करायचं काय.

तो वाईट किंचाळावा असं मला मनापासून वाटत होतं. तो वाईट किंचाळला नाही. दादाने सुरुवात केली, सुतार मागून आला, आणि त्या सभ्य माणसाच्या तोंडून असा आवाज निघाला की माझ्या हातावरचे केस उभे राहिले. सगळं जुळत होतं. गिटार थंड, आवाज थंड. दादाचा चेहरा बघवत नव्हता, इतका तो सुखावला होता. वहिनी खिडकीच्या कट्ट्यावर बसून खाली बघत होती.

पहिलं कडवं आखूड ओळींचं होतं, ते संपलं. दुसरं सुरू झालं, आणि मध्येच गिटार आणि ड्रम दोन्ही थांबले. कावळाही दचकून थांबला. क्षणभराने वाद्यं पुन्हा सुरू झाली, पण कावळ्याची ओळ निसटली होती.

"माफ करा," तो म्हणाला. "इथे थांबतो का आपण?"

"नाही," दादा म्हणाला. "इथे काही नाहीये. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. गिटार पुन्हा तिथेच थांबली, आणि नेमक्या त्याच जागी सुताराच्या काठ्याही हवेत राहिल्या.

"क्षमस्व, आता पुन्हा थांबलात," कावळा म्हणाला. "मला सलग जाता येईल, मला दम लागत नाही. ही जागा मोकळी का आहे? इथे एखादं वाद्य असतं का?"

दादाने सुताराकडे बघितलं. सुताराने दादाकडे.

"तू का थांबतोस?" दादाने विचारलं.

"तू थांबतोस म्हणून."

"मी नाही थांबत. मी..." दादाने गिटारच्या मानेवरची बोटं बघितली, जणू ती दुसऱ्याची होती. मग तो कावळ्याला म्हणाला, "इथे ती श्वास घेते."

खिडकीशी वहिनीने मान वर केली.

याचं कारण साधं आहे. पोटातून गुरगुरायला फार हवा लागते, किंचाळायला तितकी लागत नाही. वहिनीला प्रत्येक लांब ओळीनंतर श्वास भरावा लागतो, आणि गेली कित्येक वर्षं दादा तिच्यासाठी जागा सोडत आला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. वहिनीशिवायच्या रेकॉर्डिंगमध्येसुद्धा त्या जागा होत्याच. मी ते तुकडे कापले तेव्हा प्रत्येक वेळी या शांत जागा टाळून कापले होते, कारण मला वाटलं, तिथे ऐकण्यासारखं काही नाही. आमच्या प्रयोगशाळेत नमुना घेताना वरवरचं बी उचललं तर साहेब पोतं परत उघडायला लावतात. मी पोत्याच्या तोंडाशीच थांबले होते.

"सलग वाजवून बघ ना," वहिनी म्हणाली. "जमेल तुला."

दादाने प्रयत्न केला. तिसऱ्यांदाही हात अडखळला, चौथ्यांदा कसाबसा पुढे गेला, पण मग सुतार मागे राहिला आणि दोघं दोन दिशांना गेले. दादाने हाताने तारा झाकल्या.

"नाही जमत. आणि जमवलं तर ते हे गाणं राहणार नाही." तो वहिनीला म्हणाला, "तू ये बरं इकडे."

"आधी नीट सांग. पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं अजून ऐकलंच कुठे?"

"इतकी वर्षं काय ऐकत होतास मग?"

"दुसरं," दादा म्हणाला. "दुसरंच. याचा आवाज अगदी बरोबर आहे. पण गाणी मी तुझ्या गळ्यावर बेतली आणि नाव भलतंच सांगत फिरलो."

कावळ्याने नम्रपणे माइक वहिनीच्या हातात दिला. दादाने तिथेच आयोजकाला फोन लावला आणि दात उपटून घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने म्हणाला, "डेथ. हो. डेथवाला हॉल." फोन ठेवून तो लगेच वहिनीकडे वळला. "पण गिटार ब्लॅकच आहे. हे मी सोडणार नाही."

"असू दे की," वहिनी म्हणाली. "तुझी गिटार ब्लॅक आहे असं मीच आधी म्हटलं होतं."

"मग भांडत कशावरून होतीस?"

"वेड पांघरू नकोस."

दादाने पांघरलं नाही. नुसता कान खाजवला.

मग त्यांनी ते गाणं पुरतं वाजवलं. वहिनीचा आवाज टाकीच्या तळातून आला, ओळ लांबत गेली, संपली, आणि त्या मोकळ्या जागेत तिने श्वास घेतलेला मला स्पष्ट ऐकू आला. इतकी वर्षं मी ते ऐकत होते आणि कधी ऐकलं नव्हतं. कावळा पाय हलवत ऐकत होता. गाणं संपल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या, आणि मग तक्रारदाराला उत्तर देताना वापरत असावा त्या सुरात म्हणाला, "फारच छान. एक सांगू का, राग मानू नका. ते थांबणं, तो जडपणा... माझ्या मते हे डेथ नाहीच. हे डूम आहे."

डूम म्हणजे याच घराण्यातला संथ, जड पावलांचा भाऊ. सुताराने काठ्या खाली ठेवल्या. दादाने गिटार खांद्यावरून उतरवली. वहिनी माइक हातात घेऊन कावळ्याच्या समोर स्टूल ओढून बसली, आणि दादा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. एवढ्या दिवसांत ते दोघं एका बाजूला उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कोणत्या हिशेबाने डूम?" वहिनीने विचारलं.

"सांगू दे त्याला," दादा तिला म्हणाला. "सावकाश सांगू दे. मग बघतो."